आयर्लंडचा इतिहास पडद्यावर पाहताना: चूक कशाला म्हणावे, पक्षपात कशाला

'ओपनहायमर'मधील भूमिकेसाठी किलियन मर्फी यांना २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले आणि आपल्याकडच्या अनेक प्रेक्षकांनी त्यांचे जुने चित्रपट शोधून पाहायला सुरुवात केली. त्यांत 'द विंड दॅट शेक्स द बार्ली' हा २००६ चा चित्रपट हमखास हाती लागतो. तो पाहून झाल्यावर मनात दोन प्रश्न उरतात. ब्रिटिशांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेले आयरिश तरुण शेवटी एकमेकांवरच बंदुका का रोखतात, हा पहिला. आणि हे सगळे असेच घडले होते का, की दिग्दर्शकाने आपल्याला एका बाजूला ओढून नेले, हा दुसरा.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा चुकांची यादी करून दिले जाते. अमुक हत्यार त्या काळी वापरात नव्हते, तमुक माणूस तेव्हा मेलाच नव्हता, अशी ती यादी असते. ती निरुपयोगी नाही. पण तेवढ्यावरून चित्रपटाचा कल कळत नाही. तपशिलात ठिकठिकाणी चुकलेला चित्रपट मूळ घटनेशी प्रामाणिक असू शकतो आणि तपशिलात चोख असलेला चित्रपट पूर्णपणे एकांगी असू शकतो. आयर्लंडवरील चित्रपटांत या दोन्ही प्रकारांची ठळक उदाहरणे सापडतात, म्हणून हा विषय समजून घेण्यासाठी ते चित्रपट फार उपयोगाचे आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी

१८०१ पासून संपूर्ण आयर्लंडवर लंडनच्या संसदेचा थेट अंमल होता. स्वायत्ततेची, म्हणजे होमरूलची, मागणी तेथे अनेक दशके चालू होती. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात स्थापन केलेल्या होमरूल लीगचे नाव याच आयरिश चळवळीतून आलेले आहे. त्याच महिन्यात, २४ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी डब्लिनमध्ये सशस्त्र उठाव झाला. तो आठवड्याभरात मोडून काढण्यात आला. पण त्यानंतर नेत्यांना एकामागून एक गोळ्या घालण्यात आल्या आणि लोकमत फिरले. १९१८ च्या निवडणुकीत शिन फेन या स्वातंत्र्यवादी पक्षाने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या, लंडनला जाण्यास नकार दिला आणि जानेवारी १९१९ मध्ये डब्लिनमध्येच आपली संसद भरवली. तिला 'डॉल' म्हणतात.

पुढची अडीच वर्षे गनिमी युद्ध चालले. एका बाजूला आयरिश रिपब्लिकन आर्मी, म्हणजे आयआरए, होती. दुसऱ्या बाजूला पोलीस दल होते आणि त्याच्या मदतीला माजी सैनिकांतून भरती केलेले 'ब्लॅक अँड टॅन्स' आणि माजी लष्करी अधिकाऱ्यांचे 'ऑक्झिलिअरी' दल आणले गेले. या दोघांनी केलेल्या जाळपोळीच्या आणि सूडाच्या आठवणी आयर्लंडमध्ये आजही ताज्या आहेत. जुलै १९२१ मध्ये युद्धविराम झाला आणि ६ डिसेंबर १९२१ रोजी लंडनमध्ये तह झाला. त्या तहाने दक्षिणेकडील २६ परगण्यांना साम्राज्यांतर्गत स्वराज्य मिळाले, मात्र लोकप्रतिनिधींना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागणार होती. उत्तरेकडील सहा परगणे, जेथे ब्रिटनशी जोडून राहू इच्छिणारे प्रॉटेस्टंट युनियनवादी बहुसंख्य होते, ते वेगळेच राहिले. डॉलने हा तह ६४ विरुद्ध ५७ मतांनी मान्य केला. लढ्याच्या प्रमुख नेत्यांपैकी मायकेल कॉलिन्स तहाच्या बाजूने होते, एमन डी व्हॅलेरा विरोधात. जून १९२२ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि ते मे १९२३ पर्यंत चालले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर या तहात आहे.

सगळ्या चुका सारख्याच असतात का?

नील जॉर्डन यांचा 'मायकेल कॉलिन्स' हा १९९६ चा चित्रपट इथे सविस्तर पाहण्यासारखा आहे. लिअम नीसन कॉलिन्सच्या आणि अॅलन रिकमन डी व्हॅलेराच्या भूमिकेत आहेत. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यातील चुका मोजायला बसले तर त्या बऱ्याच भरतात, पण त्यांचे वजन सारखे नाही.

नेड ब्रॉय हे डब्लिनच्या पोलीस दलात राहून कॉलिन्सना गुप्त माहिती पुरवत असत. चित्रपटात ते पकडले जातात आणि त्यांचा छळ करून त्यांना मारले जाते. प्रत्यक्षात ब्रॉय जगले, १९३० च्या दशकात स्वतंत्र आयर्लंडच्या पोलीस दलाचे प्रमुख झाले आणि १९७२ मध्ये वारले. ही चूक ढोबळ आहे, यात शंका नाही. परंतु २१ नोव्हेंबर १९२० च्या सुमारास डब्लिन कॅसलमध्ये कैद्यांना ठार मारले गेले, ही गोष्ट खरी आहे. डिक मक्की, पीडर क्लान्सी आणि कॉनर क्लून हे तिघे तेथे मारले गेले. दिग्दर्शकाने त्यांचा मृत्यू ब्रॉयच्या पात्रावर चढवला आहे. अनेक माणसे एका पात्रात कोंबण्याची ही रीत सव्वादोन तासांच्या चित्रपटाला टाळणे कठीण असते, आणि इथे तिने कुणावर खोटा आळ आलेला नाही.

त्याच दिवसाच्या दुपारी क्रोक पार्क मैदानावर जे घडले, त्याचे चित्रण मात्र वेगळ्या तराजूत घालावे लागते. सकाळी कॉलिन्सच्या माणसांनी डब्लिनमधील घरांत आणि हॉटेलांत शिरून ब्रिटिश गुप्तहेरांना आणि काही अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या होत्या. चौदा-पंधरा जण मेले. त्यांतील काहींचा हेरगिरीशी संबंध नव्हता, असे इतिहासकार मानतात. चित्रपट त्या बाबीवर रेंगाळत नाही. दुपारी डब्लिन आणि टिपेररी या संघांत गेलिक फुटबॉलचा सामना चालू असताना पोलीस आणि ऑक्झिलिअरी दल मैदानात शिरले. चित्रपटात एक चिलखती गाडी थेट मैदानात येते आणि तिच्यावरील मशीनगन खेळाडूंवर व प्रेक्षकांवर गोळ्यांचा वर्षाव करते. हे दृश्य एकदा पाहिले की विसरता येत नाही. प्रत्यक्षात चिलखती गाडी मैदानात आलीच नव्हती. ती बाहेर एका टोकाला उभी होती आणि तिच्यातून झालेला गोळीबार लोकांच्या डोक्यांवरून गेला. खरा संहार पायी आलेल्या दलांनी रायफली आणि पिस्तुलांनी केला. तो जेमतेम दीड मिनिट चालला आणि त्यात १४ नागरिकांचा जीव गेला. त्यांत टिपेररीचा खेळाडू मायकेल होगन होता, दहा आणि अकरा वर्षांची मुलेही होती. ब्रिटिशांच्या स्वतःच्या लष्करी चौकशीतही हा गोळीबार हुकमाविना झाला आणि गरजेपेक्षा जास्त झाला असे म्हटले गेले होते. तिचे निष्कर्ष अनेक दशके दडवून ठेवले गेले.

माझ्या मते इथे दिग्दर्शकाने विनाकारण नुकसान केले. घटना जशी घडली तशीच पुरेशी भीषण होती. मैदानातील गाडीमुळे हत्याकांड वरून ठरवून, यंत्रासारखे पार पाडल्याचा भास होतो, तर उपलब्ध पुरावा बेभान झालेल्या, शिस्त सुटलेल्या दलांकडे बोट दाखवतो. दोष दोन्हीकडे ब्रिटिश अमलाचाच आहे, पण तो कोणत्या स्वरूपाचा दोष होता हेच पडद्यावर बदलून गेले.

त्याहून गंभीर आहे तो मोटारबॉम्ब. चित्रपटात बेलफास्टहून आलेले पोलीस अधिकारी डब्लिन कॅसलच्या आवारात मोटारीत बसतात आणि मोटारीचा स्फोट होतो. त्या युद्धात मोटारबॉम्ब वापरले गेले नव्हते. ते १९७० च्या दशकातील उत्तर आयर्लंडचे हत्यार. एका काळातील वस्तू दुसऱ्या काळात घुसवण्याला कालविपर्यास म्हणतात. चुकीच्या टोपीचा किंवा चुकीच्या बटणाचा कालविपर्यास सोडून देता येतो. हा सोडून देता येत नाही, कारण चित्रपट १९९६ मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आयआरएने दीड वर्षाचा युद्धविराम मोडून लंडनच्या डॉकलँड्समध्ये मोठा स्फोट घडवला होता. १९२० चे कॉलिन्स आणि सत्तर वर्षांनंतरचे बॉम्ब ठेवणारे एकाच परंपरेतले आहेत का, हा त्या वेळी आयर्लंडमधला धगधगता वाद होता. ज्या प्रश्नावर माणसे जिवावर उदार होऊन भांडत होती, त्याचे उत्तर एका खोट्या स्फोटाने देऊन टाकणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

आणि शेवटी डी व्हॅलेरा. कॉलिन्स २२ ऑगस्ट १९२२ रोजी कॉर्क परगण्यात बेअल ना ब्लाह या ठिकाणी दबा धरून केलेल्या हल्ल्यात मारले गेले, तेव्हा ते अवघे ३१ वर्षांचे होते. डी व्हॅलेरा त्या सुमारास त्या परिसरात होते, ही गोष्ट खरी. परंतु हल्ला त्यांच्या सांगण्यावरून झाला, असा कोणताही पुरावा नाही. सकाळी कॉलिन्सचा ताफा त्या रस्त्याने गेलेला स्थानिक तहविरोधी तुकडीने पाहिला आणि तो परत येईल या अपेक्षेने सापळा लावला. चित्रपटात मात्र डी व्हॅलेराचा संवाद ऐकणारा तरुणच पुढे कॉलिन्सवर गोळी झाडतो, आणि प्रेक्षकाने दोन आणि दोन चार करावेत अशी मांडणी केलेली आहे. उघड आरोप न करता आळ घेण्याचा हा प्रकार आहे. जो माणूस पुढे अनेक वर्षे आयर्लंडचा पंतप्रधान आणि १९७३ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होता, त्याच्याविषयी जगभरच्या प्रेक्षकांचे मत या एका दृश्याने घडले आहे.

एकही चूक नसेल तर पक्षपातही नसतो का?

लग्नाचा अल्बम आठवा. त्यातील प्रत्येक फोटो खरा असतो. पण अल्बम मुलीकडच्यांनी लावला असेल तर त्यात मुलीचे मामा-मावश्या जास्त दिसतात, मानपानावरून झालेले रुसवे कुठेच दिसत नाहीत आणि शेवटचा फोटो हसतमुख निरोपाचा असतो. चित्रपटातील कल असाच बहुधा निवडीतून येतो: गोष्ट कुठे सुरू केली, कुठे थांबवली, कुणाला बोलू दिले.

जॉर्ज मॉरिसन यांचा १९५९ चा 'मिशा एरा' हा माहितीपट याचा उत्तम नमुना आहे. तो जुन्या वृत्तचित्रांच्या आणि छायाचित्रांच्या खऱ्याखुऱ्या तुकड्यांतून घडवलेला आहे. त्यात एकही नट नाही. शॉन ओ रिअडा यांच्या भारदस्त संगीतासह १९१६ चा उठाव आणि त्यानंतरची चळवळ आपल्यासमोर येते आणि १९१८ च्या निवडणुकीतील विजयापाशी गोष्ट थांबते. तेथे थांबल्यामुळे आयर्लंड एकदिलाने उभा असलेला दिसतो. आणखी चार वर्षे पुढे गेले असते तर त्याच माणसांनी एकमेकांना मारलेले दाखवावे लागले असते.

केन लोच यांच्या 'द विंड दॅट शेक्स द बार्ली'ची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. या चित्रपटाला कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि ब्रिटनमधील काही वृत्तपत्रांनी तो देशद्रोही असल्यासारखी टीका केली. ती टीका मला अन्यायाची वाटते, कारण तपशिलाच्या बाबतीत हा चित्रपट बराच काटेकोर आहे. डॉलने चालवलेली न्यायालये, ज्यांत एक सावकार आणि एक गरीब बाई समोरासमोर येतात, ती खरोखर होती. ब्रिटिश सैनिकांना घेऊन गाडी हाकण्यास नकार देणारे रेल्वे कामगारही होते. १९२० मध्ये तो संप मे महिन्यापासून डिसेंबरपर्यंत चालला. निरोप आणि शस्त्रे पोचवणाऱ्या स्त्रिया होत्या, आणि लोच त्यांना ठळक जागा देतात. 'मायकेल कॉलिन्स'मध्ये मात्र स्त्री म्हणजे प्रेमकथेतील नायिका एवढेच उरते. दुसऱ्या डॉलमध्ये सहा स्त्रिया निवडून आल्या होत्या आणि त्या सहाही जणींनी तहाविरुद्ध मत दिले, हे त्या चित्रपटावरून कधीच कळणार नाही.

तरीही लोच यांचा कल स्पष्ट आहे. ते समाजवादी आहेत आणि त्यांच्या चित्रपटातील तहावरचा वाद जमीन कुणाची, कारखाने कुणाचे, गरिबाला काय मिळणार, या प्रश्नांभोवती फिरतो. असे प्रश्न विचारणारे लोक त्या काळी होते. परंतु डॉलमधील प्रत्यक्ष चर्चा वाचली तर बहुतेक वेळ राजाच्या शपथेवर आणि सार्वभौमत्वावर गेलेला दिसतो. देशाच्या फाळणीवरसुद्धा आश्चर्य वाटावे इतके थोडे बोलले गेले. म्हणजे लोच यांनी खोटे काही सांगितलेले नाही, पण एका धाग्याचा दोरखंड केला आहे. दुसरी बाब वगळण्याची. चित्रपट कॉर्क परगण्यात १९२० ते १९२२ या काळात घडतो. त्याच परगण्यात, डनमॅनवे गाव आणि बँडन नदीचे खोरे या भागांत, एप्रिल १९२२ च्या अखेरीस तीन दिवसांत १३ प्रॉटेस्टंट पुरुष मारले गेले. ते खबरे समजून मारले गेले की धर्मामुळे, यावर आयरिश इतिहासकारांत आजही कडाक्याचे मतभेद आहेत. चित्रपटात ही घटना नाही. तिच्यावाचून कथा पूर्ण होते, पण तिच्यावाचून कॉर्क पूर्ण होत नाही.

लोच यांच्या चित्रपटात भाऊ भावाला गोळी घालायला लावतो, ही अतिशयोक्ती नव्हे का?

नाही. उलट इथे इतिहास पटकथेच्या पुढे गेला आहे. कॉर्कचे टॉम आणि शॉन हेल्स हे दोघे सख्खे भाऊ ब्रिटिशांविरुद्ध एकत्र लढले होते आणि तहानंतर विरुद्ध बाजूंना गेले. बेअल ना ब्लाहच्या हल्ल्याचे नेतृत्व टॉम हेल्स यांच्याकडे होते. शॉन हेल्स तहाच्या बाजूचे लोकप्रतिनिधी होते आणि त्यांना ७ डिसेंबर १९२२ रोजी तहविरोधकांनी डब्लिनमध्ये गोळ्या घातल्या. तहाच्या बाजूच्या आयरिश सरकारने दुसऱ्याच दिवशी, कोणताही खटला न चालवता, तुरुंगातील चार तहविरोधी नेत्यांना ठार केले. त्यांतील रॉरी ओ'कॉनर हे या निर्णयाला संमती देणारे मंत्री केव्हिन ओ'हिगिन्स यांच्या लग्नात त्यांचे पाठराखे होते, आणि त्या लग्नाला जेमतेम एक वर्ष झाले होते. या यादवीविषयी आयर्लंडमधील घराघरांत पुढे दोन पिढ्या मौन का पाळले गेले, ते अशा गोष्टींवरून समजते.

हेतू न्याय्य असेल तर बदल चालतात का?

जिम शेरिडन यांचा १९९३ चा 'इन द नेम ऑफ द फादर' हा या प्रश्नाची कसोटी पाहतो. ऑक्टोबर १९७४ मध्ये इंग्लंडमधील गिल्डफर्डच्या दारूगुत्त्यांत आयआरएने बॉम्ब फोडले आणि पाच जण मेले. या गुन्ह्यासाठी गेरी कॉन्लन आणि इतर तिघांना जन्मठेप झाली. त्यांनी पोलिसांच्या दबावाखाली कबुलीजबाब दिले होते आणि ते निर्दोष होते. १९ ऑक्टोबर १९८९ रोजी न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. गेरीला मदत करण्यासाठी लंडनला आलेले त्याचे वडील जुझेपे यांनाही अटक झाली होती. ते १९८० मध्ये कैदेतच वारले.

चित्रपटात बाप आणि लेक वर्षानुवर्षे एकाच कोठडीत राहतात, आणि तेथे त्यांचे तुटलेले नाते जुळते. चित्रपटाचा सगळा भावनिक भार या कोठडीवर आहे. प्रत्यक्षात ते दोघे कधीच एका कोठडीत नव्हते. त्यांचे खटलेही वेगवेगळे चालले, चित्रपटात ते एकत्र आहेत. वकील गॅरेथ पीअर्स भर न्यायालयात जोरदार युक्तिवाद करताना दिसतात, पण त्या सॉलिसिटर होत्या आणि इंग्लंडच्या तेव्हाच्या व्यवस्थेत अशा न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करण्याचे काम बॅरिस्टरांचे असे.

मूळ गाभा, म्हणजे निर्दोष माणसांना खोट्या कबुलीजबाबांवर डांबले गेले, हा पूर्ण खरा आहे. म्हणून मी या चित्रपटाला अप्रामाणिक म्हणणार नाही. पण त्यातील बदलांची किंमत मोजावी लागली. ज्यांना मूळ अन्याय मान्यच करायचा नव्हता त्यांना आयते कोलीत मिळाले: कोठडी खोटी, खटला खोटा, मग बाकीचे कशावरून खरे? दुबळ्याची बाजू मांडणाऱ्या चित्रपटाने तपशील अधिक जपले पाहिजेत, कारण त्याच्या चुकांचा हिशेब त्या माणसांकडून वसूल केला जातो.

मग कुणाचीच बाजू न घेणारा चित्रपट का काढत नाहीत?

तसे प्रयत्न झाले आहेत. कॅरोल रीड यांच्या १९४७ च्या 'ऑड मॅन आउट'मध्ये जेम्स मेसन एका जखमी बंडखोराच्या भूमिकेत आहेत. शहर उघड उघड बेलफास्ट आहे, संघटना उघड उघड आयआरए आहे, पण दोन्हींचे नाव घेतलेले नाही आणि आरंभीच्या मजकुरातच सांगितले आहे की हा चित्रपट कायदा आणि बेकायदा संघटना यांच्यातील संघर्षाविषयी नाही. चित्रपट म्हणून तो अप्रतिम आहे. परंतु कारणे काढून टाकल्यावर उरते ती केवळ हिंसा आणि पश्चात्ताप, आणि आयरिश माणूस जणू स्वभावानेच हिंसक आहे, अशी समजूत घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. कारणांविषयी मौन पाळण्याचा फायदा ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला होतो.

याचा अर्थ दुसरी बाजू दाखवायचीच नाही असा नव्हे. उत्तरेतील युनियनवाद्यांचा इतिहास पडद्यावर फार थोडा आला आहे. १ जुलै १९१६ रोजी पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईत ब्रिटिश सैन्याच्या अल्स्टर (म्हणजे आयर्लंडचा उत्तर भाग) डिव्हिजनची एकाच दिवसात हजारो माणसे पडली, आणि तेथील प्रॉटेस्टंट समाजाच्या स्मृतीत त्या दिवसाला डब्लिनच्या उठावाइतकेच स्थान आहे. हा समाज बहुतेक चित्रपटांत नुसता अडथळा किंवा शत्रू म्हणून येतो. आयर्लंडवरील चित्रपटांची ही सर्वांत मोठी उणीव आहे असे मला वाटते.

जबाबदारीने केलेला चित्रपट कसा असतो?

पॉल ग्रीनग्रास यांचा 'ब्लडी संडे' २००२ मध्ये आला. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटने गोळीबार केला. १३ जण त्या दिवशी आणि एक जण पुढे मरण पावला. लगेच झालेल्या विजरी चौकशीने सैनिकांना बऱ्याच अंशी दोषमुक्त केले होते. १९९८ मध्ये नेमलेली सॅव्हिल चौकशी चित्रपट आला तेव्हा चालूच होती. चित्रपटात पार्श्वसंगीत जवळपास नाही आणि कॅमेरा गर्दीत धक्के खात फिरतो. गोष्ट एका दिवसापुरती बांधलेली आहे आणि तिच्या केंद्रस्थानी मोर्चाचे आयोजक आमदार आयव्हन कूपर आहेत, जे स्वतः प्रॉटेस्टंट होते. लष्करी अधिकाऱ्यांची घालमेल आणि सैनिकांतील एकाची अस्वस्थताही त्यात दिसते.

कल इथेही आहे, तो मोर्चेकऱ्यांच्या बाजूने आहे. पण तो पुराव्यावर उभा होता. १५ जून २०१० रोजी सॅव्हिल अहवाल प्रसिद्ध झाला. मारल्या गेलेल्यांपैकी कुणापासूनही सैनिकांच्या जिवाला धोका नव्हता, असा निर्वाळा त्यात होता, आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली. आठ वर्षे आधी चित्रपटाला एकांगी ठरवणाऱ्यांना त्यानंतर फारसे बोलायला जागा उरली नाही.

पडताळून पाहायचे असेल तर?

आयर्लंडच्या बाबतीत सामान्य वाचकाचे भाग्य मोठे आहे. १९४७ ते १९५७ या काळात तेथील सरकारने ब्यूरो ऑफ मिलिटरी हिस्टरी स्थापून १९१३ ते १९२१ या काळातील लढ्यात भाग घेतलेल्यांच्या १,७७३ साक्षी लिहून घेतल्या. त्या २००३ मध्ये खुल्या झाल्या आणि आज इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. डॉलमधील तहावरची चर्चाही शब्दशः उपलब्ध आहे. या साक्षी घटनांनंतर तीस-पस्तीस वर्षांनी दिलेल्या आहेत, त्यामुळे आठवणींत चुका आहेत आणि जुनी वैरेही आहेत; एका साक्षीवर विसंबू नये, त्याच घटनेच्या दोन-तीन साक्षी शेजारी ठेवून वाचाव्यात. चित्रपटात १९२० मध्ये मारले गेलेले नेड ब्रॉय यांची साक्षही त्यांत आहे. कॉलिन्सना ते पोलीस खात्यातून माहिती कशी पुरवत, याची बरीच हकीकत त्यांनी तीत स्वतःच सांगितली आहे.